पाव सेकंदाचा फरक

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली, असं लिहिलं आणि खोडलं. ते पूर्ण खरं नाही. ही गोष्ट मी कितीतरी वेळा सांगितली आहे, पण विनोद म्हणून. जुन्या विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात जेवणं झाली की कोणीतरी हमखास म्हणायचं, "सर, ती नऊशे अठ्ठ्याहत्तरची गोष्ट होऊन जाऊ द्या." मी थोडे आढेवेढे घ्यायचो आणि सांगायचो. गोष्टीतल्या मुलीचा आवाज काढायचो, हशा यायच्या आधी नेमका थांबायचो. टाळलं ते त्याच्या पुढचं. विनोद जिथे संपायचा तिथून पुढे जे घडलं ते मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही, आणि आता ती नाही. मला ब्याऐंशी पूर्ण झाली. आता सांगितलं नाही तर माझ्यामागे तेवढा विनोदच उरेल.

नव्वदीच्या दशकात मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होतो. शिवाय सकाळ-संध्याकाळ सदाशिव पेठेत, एका दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्यांत, माझा खासगी क्लास असे. ते दिवस असे होते की प्रत्येक आईबापाला आपलं मूल कॉम्प्युटर इंजिनिअर झालेलं हवं होतं. कॉम्प्युटर म्हणजे नक्की काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण शेजारचा मुलगा अमेरिकेला गेला हे ठाऊक होतं. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणिताच्या गुणांची बेरीज करायची आणि त्या बेरजेवर इंजिनिअरिंगची जागा मिळायची. एकेका गुणावर रांग लागलेली असायची. त्यामुळे माझ्यासारख्या माणसाच्या हातात नको तेवढी सत्ता आली होती. मी ती वापरायचो.

मी शिकवायचो चांगलं, हे मला अजूनही वाटतं. गुरुत्वाकर्षणाच्या पहिल्या तासाला मी टेबलावर चढायचो. एका हातात लाकडी डस्टर, दुसऱ्या हातात खडूचा तुकडा. दोन्ही एकदम सोडायचो. दोन्ही एकाच वेळी जमिनीवर आपटायचे. "बघा," मी म्हणायचो, "जड असो, हलका असो, पृथ्वी दोघांनाही सारख्याच वेगवाढीने ओढते. पृथ्वी पंक्तिभेद करत नाही." हे वाक्य मुलांना फार आवडायचं. मलाही आवडायचं.

माझी दुसरी ख्याती तिरकस बोलण्याची. उशिरा आलेल्या मुलाला मी म्हणायचो, "या, या. आपण येईपर्यंत पृथ्वी फिरायची थांबली होती." कोणाचं उत्तर चुकलं की, "उत्तर सुरेख आहे. आता त्याला साजेसा प्रश्न शोधू." ज्याच्यावर बोलायचो तो सोडून सगळे हसायचे. मुलं माझी वाक्यं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायची. समोरच्याला लागलंय हे मला दिसायचं. दिसल्यावर मी आणखी एक वाक्य बोलायचो.

आता प्रयोगशाळेतल्या एका पद्धतीबद्दल सांगितलं पाहिजे. बारावीला लंबकाचा प्रयोग असे. दोऱ्याला धातूचा गोळा बांधायचा, हलकासा झोका द्यायचा, झोक्यांना लागणारा वेळ घड्याळावर मोजायचा. दोऱ्याची लांबी आणि तो वेळ सूत्रात घातला की 'जी' मिळतो, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते. पुस्तकात त्याची किंमत नऊशे एक्क्याऐंशी दिलेली, सेंटिमीटरच्या हिशेबात. प्रयोग करून ती किंमत शोधायची असते. आमच्याकडे कोणी शोधत नसे. सगळे उत्तरापासून मागे यायचे. नऊशे एक्क्याऐंशी यायला वेळ किती हवा ते आधी काढायचं, मग तो वेळ "निरीक्षण" या रकान्यात लिहायचा. कोणाची किंमत नऊशे ऐंशी, कोणाची नऊशे ब्याऐंशी, म्हणजे ते खरं वाटावं. याला आम्ही उलटं गणित म्हणायचो. प्रयोगशाळेतले मामा, म्हणजे आमचे वयस्क परिचर, नव्या मुलांना ते शिकवायचे. मला माहीत होतं. माझ्या शिक्षकांनाही माहीत होतं. मी स्वतः असाच पास झालो होतो.

ती मुलगी विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायची. बारीक, चष्मा, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. वडील एका सरकारी कारखान्यात टर्नर होते. घर बौद्ध आहे हे मला पहिल्याच दिवशी हजेरी घेताना आडनावावरून कळलं होतं. तसं ते कळलं नव्हतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

जर्नलवर सह्या करण्याचा दिवस होता. माझ्या टेबलाभोवती वीस-पंचवीस मुलं. तिने जर्नल पुढे केलं.

"हे काय?"

"'जी'ची किंमत, सर. नऊशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक तीन."

"वाचता येतं मला. अख्ख्या वर्गाची ऐंशीच्या वर आली. तुझ्याचवर पृथ्वी नाराज का?"

मुलं हसली. तीही थोडी हसली. मग म्हणाली, "सर, मी शंभर झोके मोजले. दहा वेळा. प्रत्येक वेळी तेवढंच येतंय."

"आणि हा गोळा कुठला?"

तिच्या हातात एक पितळी गोळा होता, गुळगुळीत, प्रयोगशाळेतला नव्हे.

"बाबांनी लेथवर करून दिलाय. आपले सगळे गोळे चेपलेत, सर. मध्य कुठे धरायचा ते कळत नाही, मग लांबी चुकते."

"वा. म्हणजे आमचे गोळे वाईट, आमची मुलं वाईट, पुस्तक वाईट."

"पुस्तक नाही, सर. तुम्हीच शिकवलंत ना? ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे येताना 'जी' कमी होतो. उंचीवरही कमी होतो. पुस्तकातली किंमत बरीच उत्तरेकडची असणार. पुणं खाली दक्षिणेला आहे, आणि समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच आहे. इथे कमीच यायला पाहिजे."

तिने हे उद्धटपणे म्हटलं नाही. खुशीत म्हटलं. तिला वाटत होतं, सर खूश होतील. आजूबाजूची मुलं माझ्याकडे बघायला लागली. मागच्याच महिन्यात मी फळ्यावर ते सूत्र काढलं होतं, त्यावर परीक्षेत येणारी तीन उदाहरणंही सोडवून दिली होती. ते सूत्र आपल्या प्रयोगशाळेलाही लागू पडतं हे मात्र माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

मी जर्नल बंद केलं आणि म्हणालो, "बाई, गुरुत्वाकर्षणात सवलत नसते. ज्यांना मिळते त्यांना बाकी सगळीकडे मिळते. इथे मात्र सगळ्यांना एकच 'जी'."

हशा झाला. कोण कशाला हसतंय हे तिथे प्रत्येकाला कळत होतं. ती हसली नाही. तिने खाली बघून गोळा मुठीत धरला.

स्नेहमेळाव्यात सांगताना मी हे वाक्य बदलायचो. तिथे मी म्हणायचो, "बाई, एवढा कमी 'जी' असता तर पुणेकर कधीच उडून गेले असते." समोर कोण बसलंय याचा नेम नसायचा, आणि काळ बदलला होता. म्हणजे मूळ वाक्य काय आहे हे मला पक्कं माहीत होतं. उडून जाण्याचा विनोद मी घरी बसून तयार केला होता.

मी तिच्या पानावर लाल रेघ मारली आणि लिहिलं, "पुन्हा करा."

ऐकणारे नेहमी धरून चालायचे की सरांना तेव्हा माहीत नव्हतं. ते सोयीचं होतं. खरं असं आहे. त्याच संध्याकाळी क्लासच्या आधी अर्धा तास रिकामा होता. माझ्या एम.एस्सी.च्या वेळचं जाड पुस्तक काढलं, पुण्याचे अक्षांश घातले, उंची घातली, आणि आकडेमोड केली. नऊशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार. मी पुन्हा केली. तेच आलं. आमच्या त्या लंबकावर दोऱ्याच्या लांबीत दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की हा फरक हरवून जातो. मीटरभर लांबीच्या लंबकाला शंभर झोके घ्यायला दोनशे सेकंद लागतात. पुस्तकातला 'जी' आणि पुण्यातला 'जी' यांच्यात त्या दोनशे सेकंदांत फक्त पाव सेकंदाचा फरक पडतो. सतरा वर्षांच्या मुलीने तो पाव सेकंद पकडला होता.

पहिल्यांदा मला आनंदच झाला. तो लपवून काय करायचं? शिक्षकाला असा विद्यार्थी एखादाच मिळतो. मग मला ते टेबलाभोवतीचं हसू आठवलं. उद्या जाऊन मी सही केली तर ते हसू माझ्याकडे वळणार. मी तो कागद फाडला आणि शिकवायला गेलो.

तिने प्रयोग आणखी तीनदा केला. दरवेळी मामांकडून किल्ली मागून मोकळ्या तासाला यायची, एकटी झोके मोजत बसायची. तिन्ही वेळा नऊशे अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. तिन्ही वेळा मी लाल शाईने लिहिलं, "पुन्हा करा." चौथ्या वेळी जर्नल जमा करायचा शेवटचा दिवस होता. माझी सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"सर, काय लिहू?" ती म्हणाली.

"जे बरोबर आहे ते."

ती उभी राहिली. मी वाट बघत होतो.

"नऊशे एक्क्याऐंशी?"

"मी कुठे काय म्हणालो?"

ती तिथेच स्टुलावर बसली. तिला उलटं गणित येत नव्हतं, ते तिने कधी केलंच नव्हतं. अडखळली. शेवटी कोपऱ्यातून मामाच म्हणाले, "पाव सेकंद कमी कर, बाळ. झालं." तिने ओळीने दहा आकडे लिहिले, प्रत्येकात पाव सेकंद कमी. अक्षर पहिल्यासारखंच सुंदर. मी सही केली. तिने गोळा उचलायला हात पुढे केला, तेव्हा म्हणालो, "हा इथेच राहू दे. बाहेरचं सामान प्रयोगशाळेत चालत नाही. परीक्षा झाली की ने." मी तो माझ्या खणात टाकला. परीक्षा झाली. तिने मागितला नाही. मी दिला नाही.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते, भले गृहस्थ. पोहे खाता खाता मी त्यांना तिचा क्रमांक दाखवला. म्हणालो, "ही जरा बघून घ्या. हिला आकडे घरून आणायची खोड आहे." त्या अख्ख्या वर्गात ज्या एकाच मुलीने आकडे घरून आणले नव्हते तिच्याबद्दल मी हे म्हणालो. त्यांनी तीन गुण कापले. तीनच, हे मला माहीत आहे. गुणांच्या तक्त्यावर ते मीच उतरवले.

निकालानंतर पावसाळ्यातल्या एका सकाळी तिचे वडील क्लासवर आले. कारखान्याचा निळा गणवेश अंगावर, रात्रपाळी संपवून परस्पर आलेले. मी खुर्ची दिली नाही. ते दारातच उभे राहिले.

"सर, दोन मिनिटं. तिला तेवढं तुम्ही समजवा."

"कशाबद्दल?"

"इंजिनिअरिंगच्या अर्जावर तिनं जातीचा रकाना कोरा ठेवलाय. सगळ्यांच्यातून भरलाय. काल यादी लागली, दोन मार्कांनी राहिली. रकाना भरला तर पाहिजे त्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळतंय. दुरुस्तीची मुदत उद्या पाचपर्यंत आहे. माझं ऐकत नाही, आईचं ऐकत नाही."

"मग माझं का ऐकेल?"

"तुमचंच ऐकून तर बसलीय, सर." त्यांचा आवाज चढला नव्हता. "म्हणते, सवलत घेतली की आपलं बरोबर आलेलंही लोकांना चूक दिसतं. सर, तुम्ही एकच वाक्य बोला. रकाना भर, तो तुझा हक्क आहे. एवढंच. ती खाली उभी आहे. वर यायला तयार नाही. तुम्ही नुसतं खिडकीतून सांगितलंत तरी चालेल."

दोन मार्क. मी मनात वजाबाकी केली. ती करायला मला वेळ लागला नाही.

मी म्हणालो, "अहो, स्वाभिमानी मुलगी आहे तुमची. कौतुक करायचं सोडून तिला मागे काय ओढताय?"

ते म्हणाले, "स्वाभिमान आम्हाला नवीन नाही, सर. त्या स्वाभिमानानंच तर हा रकाना मिळालाय. तिला त्याची लाज घरातून नाही आली. तुमच्या वर्गातून आली."

"माझी बॅच सुरू होतेय," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. जिना उतरताना त्यांनी दार आपल्यामागे हलकेच ओढून घेतलं, कारण आत मुलं बसली होती.

ती नवी अकरावीची बॅच होती. गुरुत्वाकर्षणाचा पहिला तास. मी टेबलावर चढलो, डस्टर आणि खडू सोडला, आणि पंक्तिभेदाचं वाक्य म्हटलं. मुलं खूश झाली. टेबलावरून खिडकीबाहेरचा रस्ता दिसत होता. बाप-लेक एका छत्रीतून चालले होते. छत्री बहुतेक सगळी तिच्यावर होती.

मुदत गेली. पुढचं मला मामांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. तिने बी.एस्सी. केलं. मग वडील गेले, धाकट्या भावंडांचं शिक्षण होतं, पुढचं राहिलं. माझ्या त्या वर्गातली निम्मी मुलं, उलट्या गणितावर पास झालेली, सॉफ्टवेअरमध्ये गेली. त्यांचीच मुलं आता परदेशात शिकतात. स्नेहमेळावे तेच भरवतात. एकदा अशाच एका मेळाव्यात माझा विनोद संपल्यावर एकाने मोबाइलवर बघितलं आणि ओरडला, "सर, पुण्याचा 'जी' खरंच नऊशे अठ्ठ्याहत्तर दाखवतंय!" मग दुसरा म्हणाला, "म्हणजे बिचारीचं चुकून बरोबर आलं होतं!" पुन्हा हशा. मीही हसलो.

निवृत्त होताना खण रिकामा केला तेव्हा गोळा घरी आला. आणखी काही वर्षांनी मामांनी सांगितलं की ती वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आहे, पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत सहायक. अशा कॉलेजात ती खरं तर विद्यार्थिनी म्हणून जायला हवी होती. योगायोगाने त्याच कॉलेजने मला प्रकल्पांच्या प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावलं. अशी बोलावणी मी एरवी टाळायचो. हे घेतलं. गोळा पॅंटच्या खिशात ठेवला. नगर रस्त्यावर रिक्षात तासभर वाक्यं जुळवत होतो. सगळी जुळली होती.

प्रयोगशाळेत ती एका मुलाच्या जर्नलवर वाकली होती. कानशिलांवर केस पांढरे झालेले. त्याला सांगत होती, "जे आलंय ते लिही. कमी आलं तर कमी लिही. का आलं ते खाली लिही." मग तिने वर बघितलं. ओळखलं. माझ्याबरोबर तिथले दोन तरुण प्राध्यापक होते, त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. मी तोंड उघडलं. आयुष्यभर त्यातून जे निघत आलं तेच निघालं.

"काय, अजून नऊशे अठ्ठ्याहत्तरच येतं का?"

जुना विद्यार्थी मोठ्याने हसला.

"हो, सर," ती म्हणाली. "जागा बदललेली नाही ना." मग तिने एक खुर्ची पुसून माझ्यापुढे ठेवली. "बसा. पाणी आणते."

पाणी दुसऱ्याच कोणाच्या हाती आलं. मी ते प्यायलो आणि प्रकल्प बघायला गेलो. गोळा खिशातच राहिला. तो आता टेबलावर, या कागदांवर ठेवला आहे, पंख्याने उडू नयेत म्हणून.

रिक्षात जुळवलेली वाक्यं मी तेव्हा बोललो नाही. ती अशी होती.

बाई, तुमचं निरीक्षण बरोबर होतं. बरोबर आहे हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि तरीही मी तुमच्याकडून खोटे आकडे लिहून घेतले. सवलतीबद्दल मी जे बोललो ते विनोद म्हणून बोललो नव्हतो. तुम्ही कोण आहात ते सगळ्यांसमोर दाखवण्यासाठी बोललो होतो. परीक्षेत तुमचे तीन गुण माझ्या सांगण्यावरून कापले गेले आणि तुमची जागा दोन गुणांनी गेली. तुमच्या वडिलांनी माझ्याकडे एक वाक्य मागितलं होतं: रकाना भर, तो तुझा हक्क आहे. तुम्ही खाली रस्त्यावर उभ्या होता. मला खिडकीपर्यंत चार पावलं यायचं होतं. मी आलो नाही. मला माफ करा.